सा हलला, मास्तर म्हणाले

मी बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात. पण तुम्हाला नीट ऐकू येतं आहे का, मध्येच खरखर होते आहे का, की रेडिओ तसाच सुरू ठेवून तुम्ही केव्हाच स्वयंपाकघरात गेला आहात, हे मला इथे बसून कळायला मार्ग नाही. माझं काम बोलण्याचं. ते तुमच्यापर्यंत पोहोचलं असं धरून मी पुढे जायचं. आज ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तीही गेली चाळीसहून अधिक वर्षं अशीच एकतर्फी बोलत आली आहे. तिचं नाव मिडी.

नाव कदाचित कानावरून गेलं नसेल, पण मिडीचं काम तुम्ही हजार वेळा ऐकलं आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रामधला कीबोर्ड, त्याच्या शेजारचा ऑक्टोपॅड, मालिकांची शीर्षकगीतं, सिनेमातली गाणी, अगदी वीस वर्षांपूर्वी मोबाइलवर हौसेनं लावल्या जाणाऱ्या 'पॉलिफोनिक' रिंगटोनसुद्धा. या सगळ्यांच्या पोटात मिडी आहे. एका वाद्यानं दुसऱ्या वाद्याशी किंवा संगणकाशी कोणत्या भाषेत बोलायचं, याचा हा जगभर मान्य झालेला करार. त्याची दुसरी आवृत्ती, मिडी २.०, जानेवारी २०२० मध्ये मंजूर झाली. इतकी वर्षं उलटूनही बहुतेक वादकांच्या हातात अजून पहिलीच आहे. असं का झालं, आणि तुम्हा-आम्हाला त्याचं काय, एवढंच आज सांगायचं आहे.

मी इंजिनिअर नाही. सांगलीत पेटी शिकलो, पुण्यात येऊन कीबोर्ड वाजवू लागलो आणि त्यावरच संसार केला. मिडी म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नव्हे तर फजितीतून कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका मंडळाच्या गणपतीत आमचा भावगीतांचा कार्यक्रम होता. माझ्यासमोर कीबोर्ड होता आणि मागच्या टेबलावर व्हायोलिन, बासरी वगैरेंचे आवाज काढणारा एक डबा. आम्ही त्याला 'मॉड्यूल' म्हणायचो. दोघांना जोडणारी केबल जमिनीवरून गेली होती. गाणं रंगात आलेलं, गायिका अंतऱ्यावर, मी व्हायोलिनचा एक लांब स्वर धरलेला, आणि तेवढ्यात कोणाचा तरी पाय अडकून केबल निघाली. मी पट्टीवरून बोट उचललं. स्वर थांबेना. दुसरी पट्टी दाबली, तरी तोच स्वर. गायिका माझ्याकडे बघते आहे, मी डब्याकडे बघतो आहे आणि व्हायोलिन आपलं एका सुरात चालूच. शेवटी तबलजीनं मागे हात घालून डब्याचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे सुटका झाली. मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाटलं, हा काही नवीन प्रकार असावा. एकानं टाळ्याही वाजवल्या.

झालं होतं ते असं. कीबोर्डकडून डब्याकडे जात होता तो आवाज नव्हताच. जात होते ते निरोप. 'अमुक स्वर सुरू कर' हा एक निरोप आणि 'तो स्वर बंद कर' हा दुसरा. पहिला पोहोचला, दुसरा वाटेत राहिला. डबा बिचारा आज्ञाधारक, बंद करायला सांगितलंच नाही म्हणून वाजवत बसला. 'अरे, तू अजून तिथे आहेस ना?' असं विचारायची सोय त्याच्याकडे नव्हती. मिडीची जुनी आवृत्ती म्हणजे एका दिशेनं जाणारं पोस्टकार्ड.

पलुसकर किंवा भातखंडे पद्धतीनं लिहिलेली बंदिश तुम्ही पाहिली असेल. तो कागद स्वतः गात नाही. कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या मात्रेवर, एवढं तो सांगतो. गाणारा गळा वेगळाच. मिडीचंही तसंच. तुम्ही पट्टी दाबली की कोणत्या वाहिनीवर, कोणता स्वर आणि किती जोरानं, एवढी माहिती आकड्यांत निघते. मध्य सप्तकातली पांढरी एक म्हणजे आकडा ६०. तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. तो आकडा वाचून समोरचं यंत्र सतारीचा आवाज काढेल की पियानोचा, हे त्या यंत्रावर अवलंबून.

आता ही भाषा आली कुठून ते पाहू. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याच झाल्या होत्या, पण एकीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी सरळ जोडता येत नसे. प्रत्येकीचा प्लग वेगळा, विजेची पातळी वेगळी, खुणा वेगळ्या. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ मध्ये हा विषय अमेरिकेतल्या उत्पादकांपुढे काढला. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी आपले सहकारी चेट वुड यांच्यासह त्याच वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एका सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. पुढे यामाहा, कॉर्ग, कावाई या जपानी कंपन्याही बोलण्यात सामील झाल्या.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या 'नॅम' या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलनं जोडले गेले. एकावर वाजवलं की दुसरा बोलू लागला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं अशी एकमेकांशी बोलत होती, यातच सगळं आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिडी १.० चा मसुदा प्रसिद्ध झाला. या भाषेसाठी कोणाकडून स्वामित्वधन घ्यायचं नाही, असं ठरलं. ज्याला वापरायची असेल त्यानं खुशाल वापरावी. काकेहाशी आणि स्मिथ या दोघांना २०१३ मध्ये याच कामासाठी तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आज दोघंही हयात नाहीत.

ही पहिली आवृत्ती वाऱ्यासारखी पसरली, याची कारणं साधी होती. अडचण रोजची होती आणि तिच्यावर दुसरा इलाज नव्हता. खर्चही फार नव्हता. जुन्या टेपरेकॉर्डरला असायचा तसला पाच पिनांचा गोल प्लग त्यांनी निवडला, आणि त्यातल्याही तीनच पिना वापरल्या. काही वर्षांतच घरगुती संगणक आले. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकाला तर मिडीचे प्लग जन्मापासूनच होते. एका खोलीत बसून एक माणूस सगळा वाद्यवृंद उभा करू शकेल, अशी सोय झाली. आमच्यासारख्यांची पोटं त्यावर भरली. काही वादकांचं काम त्यामुळे गेलं, हेही खरं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण ही भाषा १९८३ च्या स्वस्त चिप्सना झेपेल एवढीच होती. तिच्या तीन मर्यादा सांगतो.

पहिली मर्यादा मोजण्याची. पट्टी किती जोरानं दाबली, आवाज किती वाढवला, यासाठी ० ते १२७ एवढेच आकडे. म्हणजे १२८ पायऱ्यांचा जिना. पियानोसारख्या आवाजाला तो बहुतेक वेळा पुरतो. पण सनईचा एखादा लांब स्वर हळूहळू उजळत न्यायचा झाला, तर जिथे चढण हवी तिथे पायऱ्या लागतात, आणि कान त्या पायऱ्या ओळखतो.

दुसरी मर्यादा रांगेची. मिडीच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० ठोके जातात. एका स्वराच्या निरोपाला तीस ठोके लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण हजार निरोप, आणि तेही एकामागून एक. दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या, तर दहावा स्वर पहिल्याच्या मागे सुमारे शंभरांश सेकंदानं निघतो. एरवी हे जाणवत नाही. पण त्याच केबलवरून सोळा वाहिन्यांची वाद्यं बोलू लागली की रेल्वे फाटकासारखी गर्दी होते, आणि लयीला पक्का असलेला कान 'काहीतरी सैल आहे' म्हणतो.

तिसरी मर्यादा मला आमच्या मास्तरांनी दाखवली.

१९९२ च्या सुमारास मी नवा कीबोर्ड घेऊन सांगलीला गेलो होतो. मास्तर तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांची सगळी हयात पेटीवर गेली, आणि पेटीला मींड नाही हे दुःखही त्यांनी हयातभर बाळगलं. मी मोठ्या तोऱ्यात कीबोर्डच्या डाव्या अंगाचं चाक दाखवलं. ते फिरवलं की स्वर सरकतो. गंधार धरून मध्यमापर्यंत ओढत नेला. मास्तर पुढे सरकून बसले.

"पुन्हा घे," ते म्हणाले. मी घेतली.

"आता खाली सा धरून ठेव, आणि गंधारावरून मध्यमाला जा."

मी एका बोटानं सा धरला, दुसऱ्यानं गंधार, आणि चाक फिरवलं. गंधार मध्यमावर गेला, पण त्याच्याबरोबर सासुद्धा उठून कोमल रिषभावर जाऊन बसला. मास्तरांनी हात वर केला.

"सा हलला रे," ते म्हणाले. "सा हलवून मींड घ्यायची, म्हणजे घर हलवून दारातून आत जायचं."

त्यात माझ्या हाताची काही चूक नव्हती. चाकाच्या निरोपात कोणता स्वर हा आकडाच नसतो. तो निरोप सगळ्या वाहिनीला लागू. चाकाच्या पायऱ्या म्हणाल तर भरपूर, १६,३८४. पण 'सरका' म्हटलं की त्या वाहिनीवरचे सगळेच स्वर सरकतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर एका वेळी एक स्वर वाजवणारं वाद्य असावं. षड्ज धरून त्यावर स्वर वळवणारा माणूस त्या बैठकीत नव्हता.

दोन स्वरांच्या मधली ही जागा आपल्याकडे किती जिव्हाळ्याची आहे, हे रेडिओवरून बोलताना तरी विसरून चालणार नाही. याच नभोवाणीनं, म्हणजे तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओनं, मार्च १९४० मध्ये हार्मोनिअमवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीचे स्वर जागेवर खिळलेले, तिच्यातून मींड निघत नाही आणि श्रुती लागत नाहीत, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. बंदी योग्य होती की नाही, यावर आमच्या मास्तरांशी बोलायची सोय नव्हती, ते भडकत. पण आक्षेप खोटा आहे, असं तेही म्हणत नसत.

सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यावर उपाय शोधला होता. १९१० मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती दाखवणारी हार्मोनिअमही तयार झाली. अलीकडच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. कल्पक माणसं, कष्टाची कामं. पण घरोघरी राहिली ती बारा सुरांचीच पेटी. कारण शिकवणारे तिच्यावर शिकले होते, दुरुस्ती करणाऱ्यांना तीच माहीत होती आणि बाजारात तीच मिळत होती. एकदा एखाद्या मापाभोवती सगळी व्यवस्था उभी राहिली की नुसतं जास्त चांगलं असणं पुरत नाही. हे ध्यानात ठेवून मिडी २.० कडे वळू.

तत्पूर्वी एक गंमत. १९९१ मध्ये मिडीच्या वाद्यांना ठरावीक क्रमांक देण्यात आले, म्हणजे एका यंत्रावर केलेलं गाणं दुसऱ्यावर वाजवताना पियानोच्या जागी ढोल वाजू नये. १२८ वाद्यांची ती यादी. त्यात आपली ओळखीची दोन नावं सापडतात. १०५ वर सतार आणि ११२ वर शहनाई. संवादिनी नाही, सारंगी नाही. आणि १०५ क्रमांकाची सतार लावून पट्टी दाबली की सतारीचा टणत्कार येतो, पण तार ओढून घेतलेली मींड येत नाही. सतारीतून मींड काढून घेतली तर उरतं काय?

जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिडी २.० नं नेमक्या या दुखण्यांवर हात ठेवला आहे. पट्टीच्या जोरासाठी १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या. आवाज, चमक अशा गोष्टींच्या नियंत्रणासाठी सुमारे ४२९ कोटी पायऱ्या. त्यांना पायऱ्या म्हणण्यातही अर्थ नाही, तो उतारच झाला. सोळा वाहिन्यांच्या जागी २५६. निरोपावर वेळेचा शिक्का मारण्याची सोय, म्हणजे वाटेत तो थोडा रखडला तरी मूळ लय कळते. आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवता येतो. सा जागेवर राहतो, गंधार सरकतो.

एवढंच नाही, स्वर सुरू करतानाच तो नेमक्या कोणत्या उंचीवर हवा हे सांगता येतं, आणि तेही दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या ५१२ व्या भागापर्यंत. याचा उपयोग काय? तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर कीबोर्डचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर बसतो आणि तानपुऱ्यातला साधारण ३८६ वर. हे चौदा भाग म्हणजेच पेटी तानपुऱ्याशी भांडते ती जागा. नव्या भाषेत तो गंधार जिथल्या तिथे मागता येतो.

आणखी एक बदल मला माणुसकीचा वाटतो. नवी वाद्यं एकमेकांची चौकशी करू शकतात. जोडल्याबरोबर एक विचारतं, 'तू कोण? तुला काय काय येतं?' दुसरं उत्तर देतं. दोघांना नवी भाषा येत असेल तर नव्या भाषेत बोलतात. समोरून उत्तरच आलं नाही, तर समोर जुनं वाद्य आहे असं समजून जुन्या भाषेत बोलतात. पोस्टकार्डाच्या जागी टेलिफोन आला म्हणा ना.

मग इतकं सगळं चांगलं असताना गाडी अडली कुठे?

पहिलं कारण या सौजन्यातच आहे. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. तरी लोक पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिले, ते थेट २०११ मध्ये ते नाणं चलनातून जाईपर्यंत. तिथे सरकारचा कायदा होता, तरी ही गत. मिडीच्या मागे सरकार नाही. अमेरिकेतली आणि जपानमधली अशा दोन उत्पादक संघटना मिळून ती सांभाळतात, आणि त्या कोणावर सक्ती करू शकत नाहीत. शिवाय जुनी वाद्यं बाद होऊ द्यायची नाहीत, हे नव्या मसुद्याचं तत्त्वच होतं. १९८३ चा सिंथेसायझर आजही आजच्या संगणकाशी बोलतो. जुनं चालतं आहे तोवर नवं घ्यायला कोण धावेल?

दुसरं कारण, टेलिफोन एकट्यानं घेऊन भागत नाही. रोलँडनं २०२० मध्येच मिडी २.० साठी सज्ज असलेला ए-८८ एमके-टू हा कीबोर्ड बाजारात आणला. पण तो बोलणार कोणाशी? वाद्य नवं हवं, आवाज काढणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर नवं हवं, आणि मधल्या संगणकालाही ती भाषा यायला हवी. ॲपलच्या संगणकात तिची सोय २०२० मध्ये झाली. अँड्रॉइडमध्ये ती २०२२ मध्ये आली, लिनक्समध्ये २०२३ मध्ये. विंडोजला सगळ्यांत जास्त वेळ लागला. २०२५ च्या सुरुवातीला ती तिथे चाचणीसाठी खुली झाली. जगातले बहुसंख्य हौशी संगीतकार विंडोजवर काम करतात. वाद्यवाले म्हणत, संगणक तयार होऊ दे. सॉफ्टवेअरवाले म्हणत, वाद्यं येऊ देत. आधी बी की आधी झाड, असा तो तिढा.

तिसरं कारण, मसुदाही एकदम पक्का झाला नाही. २०२३ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. घरातल्या इंटरनेटच्या तारेवरून किंवा वाय-फायवरून ही भाषा कशी न्यायची, ते २०२४ मध्ये ठरलं. जुन्या पाच पिनांच्या केबलवरून नव्या भाषेतले निरोप जात नाहीत. ती वाट यूएसबीची. त्यातच मसुदा मंजूर झाला आणि दोन महिन्यांत जगभर टाळेबंदी लागली. अशा वेळी कोणता उत्पादक घाईनं साचे बदलेल?

आणि चौथं कारण, मला वाटतं खरं कारण हेच, की ज्यांच्या हातात बाजार आहे त्यांचं जुन्यावर फारसं अडत नाही. पियानो, ड्रम, साधी कॉर्डची साथ, यांना १२८ पायऱ्या पुरतात. दुकानात उभं राहून दोन पट्ट्या दाबल्या तर जुन्या-नव्यातला फरक गिऱ्हाइकाला ऐकूही येणार नाही. फरक ऐकू येतो तो मींडेत, गमकात, लांब स्वराच्या उजळण्यात. म्हणजे ज्यांना या भाषेची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्या आपल्यासारख्यांचा आवाज बाजारात सगळ्यांत लहान आहे.

तरीही मी निराश नाही, आणि त्याचं कारण माझी भाची. ती लघुपटांना संगीत देते. तिच्या खोलीत एक कीबोर्ड आहे, त्याच्या पट्ट्या रबरासारख्या मऊ. बोट दाबून बाजूला सरकवलं की स्वर सरकतो. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो.

"मामा, तू फक्त सा धरून ठेव," ती म्हणाली, आणि स्वतः गंधारावर बोट ठेवून तो हलकेच मध्यमाकडे नेला.

सा हलला नाही. मी पुन्हा करायला लावलं. मग मीच सा धरला आणि गंधारही मीच नेला. हे नव्या मिडीनं झालं असेल, असं मला वाटलं. ती हसली. म्हणाली, ही जुनीच भाषा आहे, फक्त युक्तीनं वापरलेली. सोळा वाहिन्या सोळा वाद्यांना देण्याऐवजी प्रत्येक बोटाला एक वाहिनी द्यायची. मग चाकाचा निरोप एकाच स्वराला लागतो. ही युक्ती २०१८ मध्ये मिडीच्या मसुद्यात अधिकृतपणे आली. तिला एमपीई म्हणतात. एका वाद्यानंच सगळ्या वाहिन्या खाल्ल्या की दुसऱ्यांना जागा उरत नाही, आणि पायऱ्यांचा जिनाही बराचसा तसाच राहतो. पण नवं घर बांधून होईपर्यंत राहायला खोपटं मिळालं, हे काय थोडं झालं?

त्या रात्री घरी येताना मला मास्तरांची आठवण झाली. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी दाखवलेली चूक कॅलिफोर्नियातल्या आणि जपानमधल्या इंजिनिअरांनाही दिसत होती, आणि ती दुरुस्त करायला त्यांना तीन दशकांहून अधिक काळ लागला. त्या माणसांना मी दोष देणार नाही. जुनं कोणाचंही बंद न पाडता नवं आणायचं, तर वेळ लागतोच. माझा १९९२ चा कीबोर्ड आजही भाचीच्या संगणकाशी बोलतो. त्या मानानं मोबाइलचे चार्जर पाहा.

भीती आहे ती वेगळीच. नव्या भाषेत वाद्याची एक ओळख ठरवता येते, तिला प्रोफाइल म्हणतात. या वाद्याला काय काय येतं आणि कोणत्या निरोपाला त्यानं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. एकदा ते जगभर ठरलं की पुढची चाळीस वर्षं तेच चालणार. पियानोचं काय ठरावं हे सांगायला माणसं भरपूर आहेत. सारंगीचं, सतारीचं, संवादिनीचं काय ठरावं, हे आपण सांगायला हवं. १९९१ च्या यादीत दोन जागा मिळाल्या म्हणून हळहळण्यापेक्षा आता बोललेलं बरं. मिडीचे मसुदे आज कोणालाही पैसे न देता वाचता येतात. आपल्या विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत आणि गल्लोगल्ली संगणकाचे अभियंते आहेत. मास्तरांसारखे कान असलेली माणसंही अजून आहेत. या तिघांची गाठ पडायला हवी.

ती पडेल तेव्हा पडेल. तोवर आपल्या हाती एक सोपी गोष्ट आहे. मुलाला किंवा नातीला कीबोर्ड घ्यायला दुकानात गेलात, तर आवाज किती आहेत आणि ताल किती आहेत, एवढंच विचारून थांबू नका. एक बोट सा वर ठेवा, दुसरं गंधारावर, आणि दुकानदाराला विचारा, हा सा जागेवर ठेवून गंधार वळवता येतो का? बहुतेक दुकानदार गोंधळेल. पण दहा गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न विचारला, तर अकराव्याला उत्तर देण्यासाठी तो कंपनीला फोन करील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)